मुका आणि बोलका

१

दाराला ड्रिल लागलं तेव्हा आत्या स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या आणि घारी वरच्या मजल्यावर पेपर उघडून बसली होती. एवढ्या सकाळी कोण भिंत फोडतंय म्हणून ती जिन्यातून वाकून बघते तर काय, तळमजल्यावर आत्यांच्या दाराशी एक कुलूपवाला गुडघे टेकून बसलेला. दाराला भोक पडलेलं, आणि दार उघडून आत्या हातात गाळणी घेऊन उभ्या.

"कोण आहे?" आत्या विचारत होत्या. "काय चाललंय?"

घारी भराभर खाली उतरली. विमा कंपनीत खोट्या दाव्यांचा छडा लावण्यात तिची उभी हयात गेली होती. डोळे घारे आणि नजर घारीची, म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी ठेवलेलं हे नाव निवृत्त झाल्यावरही तिला चिकटून राहिलं होतं.

"अहो, बाईंना दिसत नाही. न विचारता ड्रिल कसलं लावता?"

"मी हुकमाचा ताबेदार, ताई," कुलूपवाला ओशाळून म्हणाला. त्याने आपला फोन पुढे धरला. गृहमंडळाचा आदेश होता: रहिवाशाने घर स्वेच्छेने मंडळाला परत केले आहे, आज संध्याकाळी ताबा घेऊन कुलूप बदलावे. "मी आपला आधी येऊन नव्या कुलपासाठी भोक पाडून ठेवत होतो. घर रिकामं असेल असं वाटलं."

घारीने आदेश मोठ्याने वाचून दाखवला. आत्यांनी ऐकलं आणि गाळणी हळूच खुर्चीवर ठेवली.

"मी हे घर कुणाला दिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

आवाज तोच होता. एके काळी सगळा गाव सकाळी त्या आवाजात बातम्या ऐकायचा. पुढे डोळ्यांनी दगा दिला, रेडिओ सुटला, नवरा गेला. उरलं ते हे दोन खोल्यांचं घर. इथल्या प्रत्येक कोपऱ्याशी त्यांच्या हातांची ओळख होती. भाचा आत्या म्हणायचा म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणायची. आणि गल्लीतलं कुणीही त्यांच्यासमोर बोलताना जरा जपूनच बोलायचं. 'चाळ'मधला च आणि 'चिवट'मधला च ज्याला वेगळे काढता येत नाहीत, त्याला त्या तिथल्या तिथे थांबवून पुन्हा म्हणायला लावत.

"संध्याकाळी मला यावंच लागेल," कुलूपवाला म्हणाला आणि अवजारं गोळा करून निघून गेला.

आत्या चाचपडत टेबलापाशी गेल्या. त्यांनी टेबलावरचा काळा, गुळगुळीत फोन उचलला आणि घारीच्या हातात दिला.

"हा मुका काय करून बसलाय, ते बघ जरा."

२

मुका हे आत्यांनी ठेवलेलं नाव. सरकारी भाषेत तो 'मान्य फोन'. पेन्शन, औषधं, वीज, घर, सगळी कामं आता त्यावरूनच करायची, असा नियम आला तेव्हा आत्यांनी खूप हातपाय झाडले होते. त्यांच्याकडे जुना फोन होता. पडद्यावर जे येईल ते तो मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचं नाव बोलका. पण मान्य फोनात आपल्या मनाचं काही घालायची सोय नव्हती. बाहेरचा वाचक प्रोग्रॅम घातला की सरकारी सेवा म्हणे 'असुरक्षित' आणि दार बंद. आंधळ्या बाईला मुका फोन, असा सगळा आनंद होता.

गृहमंडळाचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर होतं. खिडकीपलीकडचा अधिकारी माणूस वाईट नव्हता, पण त्याचा आपल्या यंत्रावर देवासारखा विश्वास.

"मंजुरी परवा दुपारी मिळाली. यांच्याच फोनवरून, यांच्याच घरून. चेहरा यांचाच, आवाजही यांचाच. मान्य फोनला फसवता येत नाही हो, म्हणून तर तो मान्य."

"आवाज म्हणजे?" घारीने विचारलं.

"पडद्यावर तीन शब्द येतात, ते बोलायचे. दर वेळी नवे असतात." त्याने एक बटण दाबलं.

छोट्या स्पीकरमधून आत्यांचा आवाज आला. स्वच्छ आणि ठाम. "च्याक. डोंगर. ज्यहाज्य."

घारीने आत्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"आवाज माझाच आहे," त्या हळू म्हणाल्या.

"मग प्रश्नच मिटला," अधिकारी म्हणाला.

"अर्ज कुणी भरला?" घारीने विचारलं. "यांना दिसत नाही. यांनी अर्ज कसा भरला असेल?"

"मदतनीस भरू शकतात. यांच्या खात्यावर तिघांची नोंद आहे. भाचा, दवाखान्यातली सिस्टर आणि शेजारचा फोनवाला. तिघांपैकी कुणी भरला ते आम्हाला दिसत नाही. मंजुरी कुणाची, एवढंच दिसतं."

"रद्द कसा करायचा?"

"ज्याने भरला त्याने ताब्याच्या आधी आपल्या फोनवरून मागे घ्यायचा, मग बाईंनी मंजुरी द्यायची. नाहीतर फसवणुकीची तक्रार करा. पण मग यांचा फोन तपासाला जमा होईल. कसा वापरला, नियम पाळले की नाही, सगळं बघतील. तोवर खातं बंद."

"खातं बंद म्हणजे औषधं बंद?"

"सगळंच," तो म्हणाला आणि उगाच टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

बाहेर पडल्यावर घारी म्हणाली, "आत्या, तक्रार करू या. होऊ दे तपास."

आत्यांनी तिचा दंड घट्ट धरला. "तपास नको. घर गेलं तरी चालेल, पण तपास नको, घारी."

३

ज्याच्या घरावर दरोडा पडलाय तोच पोलीस नको म्हणतो, तेव्हा काहीतरी पाणी मुरतंय हे घारीला अनुभवाने माहीत होतं. पण आत्या तोंड उघडायला तयार नव्हत्या. त्यांना घरी सोडून ती फोनवाल्याकडे गेली. त्याचं दुकान आत्यांच्या भिंतीला भिंत लावून होतं.

"मला ती जागा हवीच आहे," त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं. "दुकानात हलायला जागा नाही. मी आत्यांना तोंडावर विचारलंय, त्यांनी तोंडावर नाही म्हटलंय. पण मंडळाला परत गेलेलं घर मला थोडंच मिळणार? ते मंडळाच्या प्रतीक्षायादीतल्या माणसाला जाणार. मग मी कशाला चोरी करीन?"

घारीने बिलामागे तीन शब्द लिहून त्याच्यापुढे सरकवले. "हे वाच."

"चाक, डोंगर, जहाज." उच्चार इथल्या कुणाही माणसासारखा, अगदी साधा आणि बरोबर. "का?"

"सहज. आत्यांचा फोन शेवटचा कधी हाताळलास?"

"मुका? तो विकला तेव्हाच. बोलका मात्र गेल्या आठवड्यात आला होता, बॅटरी बदलायला. लगेच परत केला." मग तो जरा अडखळला. "बोलक्याचं बाकी काही विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा. मला कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही."

सिस्टर दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली. आत्यांना इंजेक्शन द्यायला आणि डोळ्यांत औषध घालायला ती रोज सकाळी जायची. घराचं ऐकून ती बाकावर बसलीच.

"माझी आई मंडळाच्या यादीत आहे," ती आपणहून म्हणाली. "कधीची. तुम्ही शोधून काढालच, म्हणून मीच सांगते. पण त्या घरात आईला झोप लागली असती का, ताई?"

"मंजुरीचे शब्द आत्यांना तू सांगतेस ना?"

"मी? नाही. कधीच नाही. मुका वाजला की आत्या मला खोलीबाहेर जायला सांगतात. दार लावून घेतात. मला वाटायचं, भाचा फोनवरून सांगत असेल."

"त्याला पडदा कसा दिसेल? मान्य फोनवरचं चित्र बाहेर पाठवताच येत नाही."

"तेही खरंच."

तिनेही तीन शब्द वाचले, तेही बरोबर. घारी उठता उठता म्हणाली, "आत्यांच्या तब्येतीत हल्ली काही फरक?"

"तेरवा डॉक्टरांनी डोळ्यांचे थेंब बदलले. नवे चालू केलेत. त्याच दिवशी मी भाच्याला फोन करून सांगितलं. तो काळजी करतो ना. तिसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही."

दुपार कलली होती. भाच्याला निरोप गेला होता आणि तो ऑफिसातून निघाला होता. घारी परत येताना स्वतःशी शब्द घोळवत होती. च्याक. ज्यहाज्य. दुसऱ्याच्या तोंडून असा उच्चार निघाला तर आत्या त्याला दारातून परत पाठवतील. मग त्यांच्या स्वतःच्या तोंडी तो आला कुठून? कुणीतरी सांगितलं तसंच्या तसं त्यांनी म्हटलं असणार. पण या गल्लीत असं बोलतं कोण?

४

आत्या खुर्चीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. गळ्यात नेहमीची कापडी पिशवी आणि पिशवीत बोलका. घारी समोर बसली, पण विचारायला सुरुवात करणार तोच पिशवीतून टिंग असं वाजलं आणि एक सपाट, निर्विकार बायकी आवाज खोलीत घुमला.

"सिस्टरकडून निरोप. नवे थेंब ज्यवळ ठेवा. वेळेची च्यूक करू नका."

घारी ताठ झाली.

"आत्या, परवा तुम्हाला शब्द याने सांगितले."

घारीने पुढे होऊन पिशवी हातात घेतली. पुढच्या बाजूला, बरोबर फोनच्या कॅमेऱ्यासमोर, कापडाला गोल भोक पाडून काठाला नीट टाका घातला होता.

"मुका टेबलावर उभा करायचा," आत्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्यासमोर बसायचं. त्याला माझा चेहरा दिसतो आणि माझ्या छातीवरच्या बोलक्याला त्याचा पडदा दिसतो. बोलका वाचतो, मी म्हणते. मुक्याच्या आत काही घालता येत नाही ना, मग त्याच्याबाहेर दुसरा बसवला."

"आणि हे नियमात बसत नाही."

"सरकारी पडदा दुसऱ्या यंत्राने वाचायचा नाही. सापडलं तर खातं कायमचं बंद. दर वेळी कुणाच्या तरी पाया पडून पेन्शनचा पडदा वाचून घेण्यापेक्षा मी हा गुन्हा पत्करला." त्यांनी ओठ आवळले. "सुरुवातीला मी शब्द शुद्ध करून म्हणायचे. एकदा त्याने 'ज्यग' म्हटलं. मला वाटलं दुनियेचं 'जग', आणि पडद्यावर होता पाण्याचा 'जग'. चुका झाल्या आणि मुक्याने मला दोन दिवस बाहेर ठेवलं. तेव्हापासून तो जे म्हणेल ते जसंच्या तसं. उभा जन्म उच्चारांवर घालवला आणि आता 'च्याक' म्हणते मी. तो आवाज त्या ऑफिसात सगळ्यांसमोर वाजला, घारी."

घारीने त्यांच्या हातावर हात ठेवला. मग विचारलं, "परवा बोलका काय म्हणाला? आठवून सांगा."

आठवायची गरजच नव्हती. ऐकलेलं विसरणं आत्यांना जमत नसे.

"तो म्हणाला, औषध विनंती. डोळ्यांचे नवे थेंब, सकाळ-संध्याकाळ. मंजुरीसाठी तीन शब्द बोला."

"पडद्यावर मात्र घर सोडायची विनंती होती."

"बोलका खोटं बोलला?" आत्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. "घारी, त्याच्यावर तर मी डोळे मिटून..."

"यंत्र आपणहून खोटं बोलत नाही. त्याला कुणीतरी पढवलं. घराची विनंती समोर आली की हे वाक्य बोल, असं. बोलक्यात असली करामत कुणाकुणाला येते?"

"वाचायचा प्रोग्रॅम भाच्याने घातला. फोन हातात असला तर फोनवाल्यालाही तो उघडता येतो."

"आणि ही छातीवरची युक्ती कुणाला माहीत होती?"

"त्या दोघांनाच. सिस्टरला मुद्दाम सांगितली नव्हती. तिच्या नोकरीवर आलं असतं."

बाहेर दाराच्या भोकातून सावली हलली. बेल न वाजताच कुलूप फिरलं. भाच्याकडे किल्ली होती.

५

"आत्या, हे काय ऐकतोय मी?" भाचा आत येत म्हणाला. चाळिशीचा, थकलेला, खांद्याला ऑफिसची बॅग. "तू आधी माझ्याकडे चल. सामान नंतर आणू. वाद घालायची ही वेळ नाही, संध्याकाळ होत आली."

"बस जरा," घारी म्हणाली.

"बसायला वेळ कुठे आहे? कुलूपवाला येईल."

"म्हणूनच बस."

तो बसला. घारीने आवाज चढवला नाही. खोट्या दाव्यांच्या कामात ती एक गोष्ट शिकली होती: माणसाला पळायला जागा ठेवली की तो पळतो, आणि बसायला जागा दिली की बोलतो.

"तिघं अर्ज भरू शकत होते. परवा बोलक्याने आत्यांना नव्या थेंबांचं नाव सांगून फसवलं. थेंब बदलले तेरवा. फोनवाल्याच्या हातात बोलका गेल्या आठवड्यात होता; तेव्हा हे थेंब डॉक्टरांच्या डोक्यातही नव्हते. त्याला करामत येते, पण थेंब माहीत नव्हते. सिस्टरला थेंब माहीत होते, पण करामत येत नाही, आणि बोलका मुक्याला वाचतो हेही तिला ठाऊक नाही. दोन्ही माहीत असलेला माणूस एकच उरतो."

भाचा हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. "मी परवा दिवसभर ऑफिसात होतो. विचारा कुणालाही."

"विचारायची गरज नाही. तू इथे असण्याचं कारणच नव्हतं. बोलक्याची दुरुस्ती तू घरबसल्या करतोस ना? मागे आवाजाचा वेग वाढवलास, तेव्हाही आला नव्हतास. आत्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं."

भिंतीपलीकडे फोनवाल्याच्या दुकानात कुणाच्या तरी फोनची रिंग वाजत राहिली आणि थांबली.

"तूच का रे?" आत्यांनी विचारलं.

भाच्याने बॅग पायाशी ठेवली.

"महिन्यापूर्वी तू गॅस चालू ठेवून झोपलीस," तो म्हणाला. "त्याआधी न्हाणीघरात पडलीस आणि सकाळपर्यंत तशीच होतीस. ऑफिसात फोन वाजला की मी हातातलं टाकून उठतो. दर वेळी वाटतं, हाच तो फोन. घरी बायको म्हणते, तू इथे असून नसल्यासारखा असतोस. तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय मी. खिडकीशी पलंग लावलाय. मला तुझं घर नको होतं, आत्या. ते मंडळाला गेलं काय, समुद्रात गेलं काय."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. कितीदा तरी. तू नाही म्हणालीस."

"मग ते उत्तर होतं."

भाच्याने बॅगेचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"तुझी भीती खोटी नाही, कळतं मला," आत्या म्हणाल्या. "गॅस मी विसरले, खरं आहे. उद्या आणखी काही विसरेन. त्याचं काय करायचं ते बोलू. भांडू सुद्धा. पण मला दिसत नाही म्हणून मला जे ऐकू येतं ते तू बदललंस. आता चहाचा डबा कुठे आहे विचारलं आणि कुणी डावीकडे म्हणालं, तरी माझा हात थबकेल. हे कुणा परक्याने केलं असतं तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते."

तो रडत होता, पण आवाज न करता. आत्यांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी मान फिरवली.

जिन्याखाली अवजारांची पेटी टेकवल्याचा आवाज झाला. कुलूपवाला आला होता. दारातून आत डोकावून, आतला रागरंग बघून तो तसाच उंबऱ्याबाहेर थांबला.

"अर्ज मागे घे," घारी म्हणाली.

भाच्याने आपला फोन काढला. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. मग त्याने श्वास सोडला. "घेतला."

टेबलावरचा मुका किणकिणला. मंजुरी हवी होती. आत्यांनी सवयीने हात छातीकडे नेला, पिशवी चाचपली आणि मग ती गळ्यातून काढून बाजूला ठेवली.

"मी वाचते," घारी पुढे झाली.

"तू नको," आत्या म्हणाल्या. "त्याला वाचू दे. तू फक्त बघ."

भाचा उठून त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याने मुका त्यांच्यासमोर टेकवून उभा केला.

"काय लिहिलंय? पहिल्या अक्षरापासून वाच."

"घर परत करण्याची विनंती मागे घेणे," तो वाचू लागला. "रहिवासी घरात राहणार. ही मंजुरी दिल्यावर आधीचा आदेश रद्द होईल. खालील तीन शब्द बोला."

आत्यांनी घारीच्या दिशेने मान केली. घारीने पडदा पुन्हा नजरेखालून घातला. "बरोबर वाचलं त्याने. शब्द न् शब्द."

"पुढे."

"माती. दिवा. सोबत."

आत्यांनी तीन शब्द म्हटले, बातम्या वाचल्यासारखे, एकेक वेगळा आणि पुरा. मुक्याने क्षणभर विचार केला. पडदा हिरवा झाला.

घारीने दारात जाऊन कुलूपवाल्याला तो पडदा दाखवला. त्याने आपल्या फोनवर खात्री केली आणि पेटी उचलली. जाता जाता त्याने सकाळी पाडलेलं भोक लांबी भरून बुजवून दिलं.

घारीला अजून एक काम होतं, आणि ते तिने दुसऱ्या दिवशी केलं. मंडळाच्या त्याच खिडकीवर जाऊन तिने स्वतःच्या नावाने तक्रार दिली: ज्याला दिसत नाही त्याला मान्य फोनने वाचून दाखवलं पाहिजे, नाहीतर दर मंजुरी ही ऐकीव मंजुरी आहे. आत्यांचं नाव तिने घातलं नाही. अधिकाऱ्याने तक्रार वाचली, तिच्याकडे रोखून पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला. पुढे काय होणार हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि तिलाही.

पण त्या संध्याकाळी खोलीत तिघंच होती. भाच्याने बॅग खांद्याला लावली. दारापाशी जाऊन थांबला. खिशातून या घराची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली. ती टेकल्याचा आवाज आत्यांनी ऐकला.

"आता मी येऊ नको का?" त्याने विचारलं.

घारी खिडकीकडे वळून उभी राहिली.

"ये," आत्या म्हणाल्या. "बेल वाजव. उठायला मला जरा वेळ लागतो, पण दार मी उघडीन."